भावाच्या होकाराविषयी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, व्यवसाय गळाच्या माश्या बांधणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या बुद्धीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, असे डॉक्टरांनी वेगळ्या कागदावर लिहून दिले आहे. बाकीच्या शरीराबद्दल त्यांनी काही लिहून दिलेले नाही आणि मीही मागितले नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. घरात माझ्याशिवाय फक्त धाकटा भाऊ असतो, आणि दबाव आणणे त्याला जमत असते तर मला एवढे लिहावेच लागले नसते. याआधी मृत्युपत्र केलेले नाही. आता फार दमले आहे, म्हणून जे आवरायचे ते आवरून टाकते.

१. माझा धंदा काय, हे आधी सांगते, म्हणजे पुढच्या वाटण्या कळतील. ट्राउट मासा नदीवरचे किडे खातो. तशीच दिसणारी खोटी माशी पिसे, सशाची लव आणि रेशमी दोरा वापरून बारीकशा गळावर बांधायची, हे माझे काम. त्यात सगळी मेख रंगाची. किडा मेला की थोड्याच वेळात त्याचे पोट तपकिरी पडते आणि स्पिरिटमध्ये बुडवला की रंगच जातो, म्हणून तो जिवंत बघावा लागतो. बघायचे ते पोट, कारण मासा खालून बघतो. पाठ सुंदर करायची ती गिऱ्हाइकासाठी. माझा भाचा, म्हणजे भावाचा मुलगा, शहरात असतो. त्याने एकदा किड्याचा फोटो मोबाइलवर पाठवला आणि यावरून जुळव म्हणाला. मोबाइलला सगळेच हिरवे दिसते.

भाऊ नदीवर राखणदार होता. ओल्या शेवाळाच्या डबीत जिवंत किडा घालून तो सायकलने घरी आणायचा आणि मी खिडकीजवळच्या टेबलावर त्याबरहुकूम बांधायचे. आता त्याचे गुडघे गेले. किडे मीच आणते, म्हणजे परवापरवापर्यंत आणत होते.

२. किरकोळ गोष्टी. रेशमी दोऱ्याची सगळी रिळे शेजारच्या शिलाईवालीला द्यावीत. तिने माझ्या आजारपणात डबा दिला आणि त्याबद्दल एकदाही बोलून दाखवले नाही. बँकेतल्या ठेवीतून दवाखान्याचे भागवून जे उरेल ते भावाच्या औषधपाण्याला.

चौकातल्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानदाराला एक चपटी लाकडी पेटी द्यावी. या गृहस्थाने माझ्या माश्या वर्षानुवर्षे स्वतःच्या नावाच्या पाकिटात घालून विकल्या. कोणी विचारले तर म्हणायचा, "घरीच बांधतो हो, छंद आहे." लव आणि दोरा भिजला की रंग गडद होतो, म्हणून जुळवताना आधी ओले करून घ्यावे लागते, हे त्याला ठाऊक नाही. पेटीतल्या माश्या मी मुद्दाम कोरड्याच जुळवल्या आहेत. काचेच्या कपाटात त्या फार देखण्या दिसतील. पाण्यात काय होईल ते त्याचे त्याने बघावे.

३. आता मुख्य गोष्ट. माझा भाऊ सगळ्यांना हो म्हणतो. सायकल मागायला आलेल्याला हो, वर्गणी मागायला आलेल्याला हो. लग्न कर म्हटले तेव्हा हो. बायको म्हणाली, मी कायमची जाते, तेव्हाही हो म्हणून तिची बॅग स्टँडपर्यंत पोचवून आला. मग सायकल परत आणायला, वर्गणीवाल्याला वाटेला लावायला आणि त्याच्या मुलाची शाळेची फी भरायला मी. त्याच्या वाटणीचे सगळे 'नाही' मीच म्हणत आले. गल्लीत मला खाष्ट म्हणतात, तो भला माणूस. मला त्याचे वाईट वाटत नाही असे नाही. वाटते. पण आता तक्रार करण्याइतकाही दम उरलेला नाही.

फक्त रंगाच्या बाबतीत तो कोणाचे ऐकत नाही. मी बांधलेली माशी ओली करून किड्याशेजारी धरायचा.

"पोट हिरवं पडतंय, ताई."

"अरे, दिवसभर मान मोडून बांधल्यात."

"हो. पण हिरवं पडतंय."

मी चिडायचे, आदळआपट करायचे आणि उसवायला घ्यायचे. का हिरवे, किती हिरवे, हे कधी विचारले नाही. तो चुकलाही नाही कधी.

४. घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. भाच्याला ते विकून भावाला शहरात न्यायचे आहे. भाचा वाईट नाही. घाईत असतो एवढेच. मागच्या खेपेला आला तेव्हा म्हणाला, "आत्या, बाबा हो म्हणालेत."

"तुझे बाबा गॅसवाल्यालाही हो म्हणतात," मी म्हटले.

"मग त्यांना काय हवंय ते कळायचं कसं?"

प्रश्न रास्त होता. त्यावर माझी व्यवस्था अशी: भाऊ हयात असेपर्यंत हे घर त्याच्या राहण्यासाठी राहील. ते विकू, भाड्याने देऊ किंवा गहाण ठेवू नये. भाऊ घर सोडायला तयार आहे असे कोणी म्हणाले, तर त्याला दिवसाउजेडी कामाच्या टेबलाशी बसवावे. समोर त्या दिवशीचा जिवंत किडा आणि रंग चुकलेली माशी ठेवावी. रंग जुळला का, हे आधी विचारावे. त्याने नाही म्हटले की लगेच घराचे विचारावे. त्या क्षणी तो जे बोलेल तेवढेच खरे धरावे.

हा कागद तपासणाऱ्या वकीलबाई म्हणाल्या, "असं कलम कोर्टात टिकायचं नाही हो."

"कोर्टात नको. भाच्यापुढे टिकलं तरी पुरे," मी म्हटले. त्यांनी चष्मा पुसला आणि राहू दिले.

५. वरचा मजकूर आज सकाळी वकीलबाई आणि दोन्ही साक्षीदारांसमोर भावाला वाचून दाखवला. कलम चार प्रत्यक्षात कसे चालेल, ते दाखवावे म्हणून मी किडा मागवला होता. शिलाईवालीने आणून दिला. भावाने माशी ओली केली, डबीशी धरली.

"पिवळी झालीय, ताई. मुद्दाम केलीस."

वकीलबाईंनी लगेच विचारले, "काका, ताईंच्या मागे तुम्हाला याच घरात राहायचंय ना?"

"नाही," भाऊ म्हणाला.

त्यांना वाटले, त्याला नीट ऐकू आले नाही. त्यांनी पुन्हा विचारले.

"ऐकलं मी. ताई आहे तोवर आहे. नंतर मुलाकडे जाईन. इथे एकट्याने बसून मी कोणाला सांगू, पिवळी झालीय म्हणून?"

मी थांबले. वाटले, आता माझ्याकडे बघून हो म्हणेल. तो किड्याकडेच बघत राहिला. मला राग आला. हे घर त्याच्यासाठी धरून ठेवण्यात माझी शेवटची ताकद गेली होती. मग रडू आले, तेही सगळ्यांसमोर. साक्षीदार म्हणून बसलेल्या डॉक्टरांनी पाणी आणून दिले. भावाने माझी पकड आणि कात्री टेबलाच्या खणात आवरून ठेवली.

६. त्यामुळे कलम चार रद्द. ते खोडलेले नाही. काय योजले होते ते राहू दे. घर माझ्यामागे भावाच्या मालकीचे होईल. ते विकून त्याने मुलाकडे जावे. अंमलबजावणी वकीलबाई करतील.

भाच्याला सूचना. भावाला अशी खोली द्यावी जिच्या खिडकीतून उजेड येतो पण ऊन येत नाही. पोळी हवी का असे विचारू नये. हवी म्हणेल आणि पोट भरलेले असले तरी खाईल. पाहुण्यांनी त्याची खोली मागितली तर त्याला विचारूच नये, परस्पर नाही सांगावे. हे काम आजवर माझे होते, आता तुझे. लोक तुला खाष्ट म्हणतील. आणि इथे बरे वाटते का, असे त्याला कधीही विचारू नये. तो हो म्हणेल.

वरील सर्व मी वाचले आहे आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली आहे. त्यांनी माझ्या देखत केली. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही असे कळले, म्हणून या दोघांना काही ठेवलेले नाही. त्यांनी मनाला लावून घेऊ नये.

सही: माश्या बांधणारी ताई

साक्षीदार पहिला: आमचे डॉक्टर (सही)
साक्षीदार दुसरा: निवृत्त पोस्टमन, समोरचे घर (सही)

ठिकाण: राहते घर, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: अकरा एप्रिल, दुपार