ताईला बाहेर काढलं ती सभा

पप्पा, तुम्हाला मातीत ठेवून इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग काही निवलेला नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. सोलापुरात शेजारच्या घरात मागांची खडखड, आपल्या स्वयंपाकघरात आई रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकऱ्या थापतेय, आणि तुम्ही, आपल्या चर्चच्या मंडळीचे पाळक, त्या आवाजावर आवाज चढवून आम्हा दोघी बहिणींना शिकवताय. एक्लेसिया. चर्च म्हणजे दगडी इमारत नव्हे, म्हणायचात. जुन्या ग्रीक शहरात हाक दिली की नागरिक घराबाहेर पडायचे, सभेत उघड बोलायचे, हात वर करून ठरवायचे. त्या सभेचं नाव एक्लेसिया. पुढे तेच ख्रिस्ती मंडळीला मिळालं. "तिथं कुणाचं तोंड दाबत नसत," तुम्ही सांगितलंत, आणि मी वेडीनं ते खरं मानलं.

मग ताईने मागावर काम करणाऱ्या तेलुगू हिंदू मुलाशी रजिस्टर लग्न केलं, आणि उपासनेनंतर तुम्ही सभा बोलावलीत. पोटच्या पोरीचं नाव मंडळीतून कमी करायचं, संमती असेल त्यांनी हात वर करावेत. पुढच्या बाकावरचा म्हातारा गिरणीकामगार म्हणाला, "पाळकसाहेब, लेकरू हाय. जरा थांबू की." तुम्ही थांबला नाहीत. हात वर झाले. मग रीतीप्रमाणे विचारलंत, विरोधात कोण? मी हात वर केला. मीही मंडळीची सभासद होते, मलाही मत होतं. तुम्ही माझ्याकडे रोखून बघितलंत. "हात खाली घे," म्हणालात, आणि सभेला सांगितलंत, विरोध कुणाचाच नाही. पुढच्या प्रभुभोजनाला, ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर वाटतात तेव्हा, ताई शेवटच्या बाकावर बसली होती. भाकरीचं ताट तिच्यासमोरून तसंच पुढे गेलं. ती परत कधी आली नाही.

पुढे मी स्वतः वाचलं. त्या ग्रीक सभेत बायकांना आणि गुलामांना जागाच नव्हती. तुम्ही ग्रीक शिकलेले. तेवढं मात्र सोयीनं गिळलंत.

हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही, राहील भाकरीच्या टोपल्याखाली. फक्त एक सांगते. आजही मंडळीच्या सभेत मी विरोधात हात वर करते, पण आधी पाळकाच्या खुर्चीकडे बघून घेते. तिथं दुसराच कुणीतरी बसलेला असतो. पप्पा, मला अजून तुमची भीती वाटते.