माझ्या पिस्तुलाची मूठ अनुजाने कानशीने घासावी, याबाबत

लिहून ठेवणार: श्रीमती शालन गणपतराव शिंत्रे, वय ६७, सेवानिवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षिका, राहणार शाहूपुरी, कोल्हापूर.

हे माझे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरण पक्के आहे आणि माझ्यावर कोणाचाही दाब नाही. ज्यांनी आजवर दाब टाकून पाहिला, त्यांना विचारून खात्री करून घ्यावी. अक्षर थोडे हलल्यासारखे दिसेल, कारण माझा उजवा हात कापतो. तो मोठा आजार नाही, वयाचा कंप आहे, असे डॉ. मेहक शिकलगार यांनी सगळ्या तपासण्या बघून परवाच सांगितले. त्या दिवशी दवाखान्यातून निघून मी सरळ मिसळ खायला गेले, वर जादा कट मागून घेतला आणि ठरवले की मन हलके आहे तोवर हे काम उरकून टाकावे. घाबरून लिहायला बसले की माणूस उगाच सगळ्यांना माफ करत सुटतो.

कलम १. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी पुढे आणल्यास ते खोटे समजावे.

कलम २. शाहूपुरीतला माझा राहता फ्लॅट माझ्या पश्चात माझा एकुलता मुलगा पृथ्वीराज याला मिळावा. तो पुण्यात असतो. त्याने राहावे, भाड्याने द्यावा किंवा विकावा, माझी कसलीच अट नाही. हॉलच्या भिंतीवर एक काळा ठिपका आहे. तो डाग नव्हे. त्यावर नेम धरून मी हात स्थिर ठेवायचा सराव करत असे, आणि पृथ्वीराज दर दिवाळीला ओले फडके घेऊन तो पुसायला निघत असे. आता खुशाल रंग मारावा.

कलम ३. बँकेतली ठेव पृथ्वीराज आणि सूनबाई वर्षाराणी यांनी निम्मी निम्मी घ्यावी. माझे दागिने एकट्या वर्षाराणीचे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करावी, कारण माझ्या घरात पहिल्या रिंगला फोन उचलणारी ती एकटीच आहे.

कलम ४. स्वयंपाकघरातल्या खालच्या कप्प्यात, कणकेच्या डब्यामागे, माझी हत्यारे आहेत: कानशी, टोचे, लहान हातोडी आणि पॉलिश पेपरची गुंडाळी. ती माझा धाकटा भाऊ बाळासो याला परत करावीत. परत म्हणते, कारण त्यातली बहुतेक त्याच्याच कारखान्यातून मी उचलून आणली होती. बाळासोचे घर हुपरीत, आणि घरातच पैंजणांचे काम. मी तिथलीच लेक. लहानपणी पैंजणावर टोच्याने टिपके मारायला मी त्याच्या आधी शिकले, हे तो चारचौघांत कबूल करणार नाही. इथे लिहून ठेवते.

ही हत्यारे माझ्या स्वयंपाकघरात कशी आली, तेही सांगते. यजमान गेल्यानंतर मी शाळेच्या मुलींना नेमबाजीच्या रेंजवर घेऊन जात असे. एकदा सहज पिस्तूल हातात धरले आणि ते खाली ठेववेना. मग दहा मीटरच्या स्पर्धेचे, हवेच्या दाबावर चालणारे एक वापरलेले पिस्तूल स्वस्तात घेतले. त्याची लाकडी मूठ कुठल्यातरी दांडग्या पुरुषाच्या पंजासाठी केलेली होती. माझ्या हातात ती गरगर फिरायची. मग मी तळहाताला कुंकू फासले, मूठ घट्ट धरली आणि सोडली. जिथे लाल उमटले तिथे टोचत होते, तिथे कानस चालवली. जिथे कोरेच राहिले तिथे सुताराची लांबी, म्हणजे पुट्टी, भरून ती सुकू दिली. असे करत करत ती माझ्या हाताची झाली. शेवटी टोचा आणि हातोडी घेऊन तिच्या अंगावर दाट टिपके मारले, म्हणजे घामाचा हात घसरू नये. चापावरचे बोट जिथून जाते तेवढी जागा गुळगुळीत ठेवली. शेजारी इकबालभाई नदाफ ठकठक ऐकून विचारायला आले होते, "बाई, चकलीचा साचा करताय काय?"

कलम ५. राग. हा मी कोणाच्याही नावे करत नाही. तरी तो होता, आणि त्याचे कारण नोंदवून ठेवायला हवे, नाहीतर माझ्यामागे बाळासो आपल्याला सोयीची गोष्ट सांगेल.

राज्य स्पर्धेच्या आदल्या दिवशी तो घरी आला होता. "आक्का, मूठ जरा बघाय दे की," म्हणाला आणि हुपरीला घेऊन गेला. सकाळी स्पर्धेच्या दारात आणून दिली. आमच्या घरातून आजवर एकही वस्तू पॉलिश न करता बाहेर पडलेली नाही. भावाने प्रेमाने रिठ्याच्या पाण्याने धुतली होती, माझे सगळे टिपके घासून काढले होते आणि वर चपडा लाखेचे पॉलिश चढवले होते. मूठ अशी चकाकत होती की तीत तोंड बघून घ्यावे. माझ्या हातात ती साबणाच्या वडीसारखी सटकली. त्या दिवशी माझ्या गोळ्या कुठे लागल्या, ते मी लिहिणार नाही.

पुढे कित्येक भाऊबिजांना मी हुपरीला पाऊल टाकले नाही. मग एका दुपारी तो स्वतःच आला, चपला काढल्या, न विचारता टोचा घेतला आणि याच टेबलावर बसून सगळी मूठ पुन्हा टिपून दिली. मी चहासुद्धा विचारला नाही. काम संपल्यावर म्हणाला, "आक्का, आमचा माल हातातनं सरसर सुटाय पायजे. तुझा हातात ऱ्हायाय पायजे. हे माझ्या डोक्यात शिरलंच न्हाय बघ." मला हसू आले आणि मग रडू आले. त्या दिवसापासून आम्ही बोलतो, जास्तच बोलतो. राग संपल्यावर किती बरे वाटते, हे मला आधी कळले असते तर मी तो इतका जपून ठेवला नसता.

कलम ६. माझे पिस्तूल, मुठीसह. पृथ्वीराजची इच्छा होती की ते काचेच्या पेटीत घालून हॉलमध्ये ठेवावे, "आईची आठवण" म्हणून. त्याचा हेतू चांगला आहे, पण मला पेटीत बसायचे नाही. पिस्तूल बाळासोची मुलगी अनुजा हिला द्यायचे. ती माझ्याकडे राहून कॉलेज करते, आणि माझा हात कापू लागल्यापासून तीच ते वापरते. पुढच्या महिन्यात राज्याच्या संघाची निवड चाचणी आहे. ती निवडली गेली तर आमच्या दोन्ही घरांतली पहिली.

गेले काही दिवस तिचे नेम उजवीकडे जात होते. तिच्या सरांना वाटले, मन लागत नाही. मलाही वाटले, आणि मी तिला बोलले. मग काल ती भांडी घासत असताना साबण लागून चटकन हात मागे घेताना दिसली. मी हात धरून उघडला. अंगठ्याच्या बेचक्यात कातडे सोललेले होते, त्याच्यावर जुनी पट्टी, पट्टीखाली पुन्हा फोड.

"हे कधीपासनं?"

"असू दे की आत्ती."

"मूठ लागते व्हय?"

तिने हात सोडवून घेतला आणि म्हणाली, "तुझ्या हाताची हाय ती. बाबांनी टिपून दिल्याली. तिला मी कानस कशी लावू? तू रोज पुसतीस ती."

माझा पंजा आखूड आणि रुंद, तिचा लांब आणि सडपातळ. जी मूठ मी माझ्यासाठी इतक्या नेटाने घडवली, तीच तिला सोलून काढत होती, आणि पोरगी माझ्या मानापायी गप्प सोसत होती. मला स्वतःची लाज वाटली, आणि लगेच सुटल्यासारखेही वाटले, कारण तिचे मन पिस्तुलावरून उडालेले नव्हते. दुखणे कळले होते आणि त्याला औषध माझ्याच कणकेच्या डब्यामागे होते.

म्हणून आज सकाळी मी या कलमात असे लिहिले: ~~"माझ्या मृत्यूनंतर अनुजाने ही मूठ कानशीने निःसंकोच घासावी, लांबी भरावी, आपल्या हाताची करून घ्यावी. तिला कोणी अडवू नये."~~ लिहून झाल्यावर साक्षीदार म्हणून बोलावलेल्या इकबालभाईंना आणि डॉ. मेहक यांना वाचून दाखवले. इकबालभाईंनी चष्मा काढला.

"बाई, डॉक्टर म्हणत्यात तुम्हाला कायबी झालं न्हाय. पोरीची चाचणी पुढच्या महिन्यात. मग तिनं काय तुमच्या मरणाची वाट बघत बसायचं व्हय?"

डॉ. मेहक हसू दाबायला खिडकीकडे वळल्या. मी वरच्या ओळी खोडल्या आणि बाजूला सही केली. पिस्तूल आणि मूठ मी आज हयातीतच अनुजाला दिली. ती आता माझ्या मालमत्तेत धरू नये.

कलम ७. बाळासोही सकाळीच हुपरीहून आला होता आणि साक्षीदाराच्या खुर्चीत बसला होता. त्याला हत्यारे मिळणार असल्याने त्याची साक्ष चालत नाही, असे सांगून त्याला उठवले. तो जरा फुगला आणि अनुजाजवळ जाऊन पाटावर बसला. तिने तळहाताला कुंकू लावले, मूठ धरली, सोडली. बेचक्याच्या जागी लाल उमटले. ती कानस इतक्या हळू फिरवत होती की भुसासुद्धा पडेना. मी इथूनच सांगितले, "दाबून घास. ती आता तुझी हाय." मग आवाज आला. बाळासोने पॉलिश पेपरकडे हात नेला तेव्हा आम्ही सगळेच त्याच्यावर ओरडलो.

सही करण्यापूर्वी मी ती मूठ मागून घेतली आणि एकदा धरून बघितली. माझ्या हातात ती आता बसत नाही.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, राजीखुशीने पूर्ण केले आहे.

(सही) शालन गणपतराव शिंत्रे

वरील सही शालनबाईंनी आमच्या दोघांच्या समोर केली आणि आम्ही त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या.

साक्षीदार १: (सही) इकबाल दस्तगीर नदाफ, शाहूपुरी, कोल्हापूर

साक्षीदार २: (सही) डॉ. मेहक मोहसीन शिकलगार, कोल्हापूर. सही करतेवेळी लिहून ठेवणार यांची प्रकृती उत्तम असून त्या शुद्धीवर व आनंदात आहेत.

ठिकाण: कोल्हापूर
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५