साक्ष दिल्यानंतरचा खोकला

अहो,

सलोमीला घेऊन मुलुंडला आपल्या जुन्या डॉक्टरांकडे जातेय. तुमची प्रार्थनासभा सुटेपर्यंत मला थांबवेना.

रविवारी तुम्ही तिला चर्चमध्ये उभं करून साक्ष द्यायला लावलीत, प्रभूने मला बरं केलं म्हणून. तेव्हापासून पोर उशीत तोंड खुपसून खोकतेय. आज अभ्रा धुवायला काढला, तर त्यावर रक्ताचे डाग. तुम्ही तिच्या गोळ्या बंद केल्यात तेव्हा मीही आमेन म्हटलं होतं, ते विसरले नाही.

माझा विश्वास कमी पडला म्हणू नका. प्रभूचं नाव घेऊनच निघालेय, पण डॉक्टरांचा जुना कागदही पर्समध्ये घेतलाय.

आमटी झाकून ठेवलीय, भात तेवढा लावा. नको, भात राहू दे, तसेच या. दोरीवरचं तिचं स्वेटर आणा.

आता चपला घालताना विचारतेय, “आई, डॉक्टरांसमोर खोकले तर माझी साक्ष खोटी होईल का गं?”

साक्ष तुम्ही शिकवलीत, उत्तरही तुम्हीच येऊन द्या.

सुवार्ता