मूळचे कुठले

कऱ्हाड, ५ ऑगस्ट २०२४

ती. दादास, मनोरमाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं हृषिकेश सांगत नाही, म्हणून हे पत्र. तुझा भाचा वोल्फ्सबुर्गची नोकरी ठेवून वर हार्त्सच्या डोंगरात, सिल्बरग्रुंड नावाच्या गावात घर विकत घेतोय. एकदा घर झालं की तो परत यायचा नाही. इरा तर आत्ताच माझ्याशी जर्मनमध्ये बोलते. ही नात मला परकी होईल रे. तू तिथे जर्मनीतच दुसऱ्यांची लेथ चालवता चालवता स्वतःचं वर्कशॉप काढलंस. तुझं तो ऐकेल. जाऊन त्याला परत फिरव.

वहिनीस नमस्कार. माया असू दे.
तुझी मनी

त्सुफेनहाउझेन, ८ सप्टेंबर २०२४

चि. मनीस, दादाचे अ. उ. आ.

जाऊन आलो. हृषिकेशला दोन दिवस समजावलं. तो प्रत्येक वाक्याला ‘गेनाऊ, मामा’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, म्हणाला आणि स्वयंपाकघराला रंग कुठला देऊ, हेही मलाच विचारलं.

शेजारी फ्राऊ बोक राहतात, ऐंशीच्या. कुंपणावरून बहिणीशी बोलत होत्या. यंत्राचा सूर बदलला की माझे कान उभे राहतात, तुला ठाऊक आहे. त्यांची जर्मन बोली डोंगराखालच्या गावांतली नव्हती. इराचं मराठी तपासावं म्हणून तिलाच म्हटलं, आजींना विचार, तुम्ही मूळच्या कुठल्या. पोरीने ‘मूळ’चं ‘वुर्त्सेल’ केलं. तिकडे गाजरालाही तेच म्हणतात. आजींनी आम्हाला नेऊन गाजराचा वाफा दाखवला.

मग मीच नीट विचारलं. म्हणाल्या, आम्ही इथले नव्हेच, सॅक्सनीच्या डोंगरातले. इथे चांदी लागली म्हणून आलो. कधी, तर पाचशे वर्षं होत आली. जणू गेल्या दिवाळीत सामान उतरवलं होतं. खाणी मिटल्या, चांदी संपली, बोली मात्र राहिली. कशी, म्हटलं. तर म्हणाल्या, नुसते कामकरी आले असते तर नातवंडांपर्यंतही पोचली नसती, मागून म्हाताऱ्या आल्या म्हणून टिकली.

मने, मी तुझा वकील म्हणून गेलो आणि पलीकडच्या बाजूचा होऊन आलो. इराला सगळं समजतं. ती जर्मनमध्ये उत्तर देते, कारण मराठीत उत्तर मागणारं त्या घरात कुणी उरलेलं नाही. तिचे आईबाप कामाला जुंपलेले. घर होऊ दे. तू ये.

रागावलीस तरी पत्र टाक. आशीर्वाद आहेतच.
दादा

कऱ्हाड, ४ ऑक्टोबर २०२४

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस तुझं नाव घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी पासपोर्ट शोधला. लहानपणापासून तुला पाठवावं एका कामाला आणि तू करून यावंस दुसरंच.

येते. फक्त बघायला येते, राहायला नाही, असं हृषिकेशला ठणकावून सांग. सूनबाईलाही सांग, उगाच खोली रिकामी करत बसू नको. बरोबर पुरणयंत्र, खलबत्ता आणि मेतकुटाचा डबा घेतलाय. पाहुणी माणसं खलबत्ता नेत नाहीत हे मलाही कळतं. तू तेवढं बोलून दाखवू नकोस.

बाकी भेटीत. बहिणीवर जीव आहे तसाच राहू दे.
मनी