दर सातवं अक्षर

पप्पा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि मला अजून तुमचा राग येतो. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे मी गोड काही लिहीन अशी आशा तुम्ही धरणार नाही. गेल्या रविवारी चर्चमध्ये शिष्यांच्या मासेमारीचा उतारा ऐकून परतताना, इथे परदेशात, घराजवळच्या बुकित बातोकला बसमधून उतरता उतरता लेकीनं तिच्या इथल्या ढंगात विचारलं, "मम्मा, जाळ्यात एक्झॅक्टली एकशे त्रेपन्न मासे? कोणी बसून मोजले लाह?" उत्तर मला येत होतं. तुम्ही बोटीवरून सुट्टीला आलात की नगरच्या घरात फरशीवर चिंचोके मांडायचात. वर एक, खाली दोन, त्याखाली तीन, अशा सतरा ओळी. "आता मोज," म्हणायचात. बरोबर एकशे त्रेपन्न भरायचे. "देव उगाच आकडा सांगत नाही, बाळा." मी आठ वर्षांची होते, आणि त्या त्रिकोणाकडे बघून माझ्या अंगावर खरोखर काटा यायचा. तेवढं तुमच्याकडून मिळालं, नाही म्हणत नाही.

मम्मी गेली तेव्हा तुमची बोट भर समुद्रात होती. तुम्ही पोचलात तोवर कबरीवरची माती सुकली होती. त्यानंतर तुम्ही मोजायला लागलात. पवित्र शास्त्रातलं दर सातवं अक्षर घ्यायचं, कारण सात हा पूर्णतेचा आकडा. अक्षरं जोडून शब्द, शब्दांतून देवाचा निरोप. इंजिन रूमच्या लॉगबुकात तापमान लिहावं तशा नेटक्या रकान्यांत तुम्ही ते उतरवायचात आणि प्रत्येक रकाना तीनदा तपासायचात. रिटायर होऊन आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आलात तेव्हा अशा अकरा वह्या घेऊन आलात. माझ्या नवऱ्यानं, पुण्याच्या हिंदू घरातल्या त्या माणसानं, तुम्हाला लिहिताना उजेड हवा म्हणून टेबललॅम्प आणला. तुम्ही थँक्यू म्हणालात. त्याला नावानं हाक मात्र कधी मारली नाहीत.

पाचव्या महिन्यात माझं पोटातलं बाळ गेलं. हॉस्पिटलमधून घरी आले त्या सकाळी तुम्ही स्वयंपाकघरात चहा घेत बसला होतात. मी ओट्याला धरून उभी होते. तुम्ही वही माझ्यापुढे सरकवलीत.

"बघ. स्तोत्रांतच होतं. 'फळ गळेल.' विश्वासाबाहेर लग्न केलंस ना, त्याचंच हे. मला दोन महिन्यांपूर्वीच दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय टळणार होतं?" आणि तुम्ही चहात बिस्किट बुडवलंत.

तिसऱ्या दिवशी मला दूध आलं. शेजारच्या खोलीतून तुमच्या मोजण्याचा आवाज येत होता.

महिन्याभरानं एका रविवारी दुपारी तुमचे मित्र, पुंगोलला मुलाकडे राहणारे रिटायर्ड कॅप्टन आणि त्यांची बायको, प्रार्थनेला आले. चहा झाल्यावर मी लॅपटॉप उघडला. "पप्पा, तुमची पद्धत मी प्रोग्रॅममध्ये बसवली." दोन वर्षं तुम्ही त्यासाठी मागे लागला होतात. चेहरा असा उजळला तुमचा! खुर्ची ओढून इतके जवळ आलात की तुमच्या डोक्याच्या तेलाचा वास आला.

"शास्त्रातलं कुठलं पुस्तक घेतलंस? यशया?"

"भरली वांगी," मी म्हणाले. "आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या पाककृतींच्या पुस्तकातली. वाचा ना मोठ्यानं."

दर सातवं अक्षर मी पिवळं केलं होतं. तुम्ही वाचलंत. पिवळं दिसलं की जोडायचं, ही सवयच ना. "बा. प. म. रे. ल."

कॅप्टन हसले. मनात वाईट नव्हतं त्यांच्या, पण हसू आवरेना, तेव्हा त्यांनी तोंडावर रुमाल धरला. त्यांची बायको म्हणाली, "अहो, पुरे." मी म्हणाले, "बघा पप्पा, वांग्यांतही देव बोलतो."

तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, पुन्हा घातलात. "बरं," एवढंच म्हणालात.

मोजणं तर थांबलंच, पण तुम्ही शास्त्रही बंद केलंत. जेवणाआधीची प्रार्थना माझ्यावर ढकललीत. नवरा म्हणाला, "जाऊन बोल त्यांच्याशी. खचलेत ते." मी म्हणाले, "खचू दे." दोन महिन्यांत तुम्ही नगरला परत गेलात आणि वर्ष व्हायच्या आत तिथेच संपलात. पास्टरांनी फोनवर सांगितलं, शेवटी त्यांनी एखादं वचन वाचू का विचारलं, तर तुम्ही नको म्हणालात. ऐकून मला रडू आलं नाही. जिंकल्यासारखं वाटलं. तुम्ही मागे ठेवलेल्या सगळ्या वह्या मी एकेक करून कचरा थेट तळमजल्यावर टाकायच्या चूटमध्ये सोडल्या, प्रत्येक वही खाली आपटेपर्यंत थांबून.

आता एक सांगायचं राहिलंय, आणि त्यामुळे तुमचा पत्ता असता तरी हे पत्र मी टाकलं नसतं. ते वाक्य त्या पानावर नव्हतं. प्रोग्रॅमला अख्ख्या पुस्तकात काहीच सापडलं नाही. चार संध्याकाळी बसून मी त्या कृतीतले शब्द मागेपुढे केले, कुठे कोथिंबीर वाढवली, कुठे खोबरं काढलं, तेव्हा कुठे ती पाच अक्षरं जागेवर बसली. पुस्तक तर समोरच्या कपाटातच होतं. तुम्ही ते ताडून बघायला मागाल म्हणून मी सबब तयार ठेवली होती, पप्पा. तुम्ही मागितलंच नाहीत.