पत्र्याच्या घरांची यादी

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला आता थोडं थांबावं लागतं. मी बेल्ह्याच्या शाळेतली, चौथीत पहिला नंबर आलेली तुमची विद्यार्थिनी. मला जे सांगायचं आहे ते घरात कुणाला सांगण्यासारखं नाही, आणि बाहेर ज्यांना सांगावं ते सगळे तिच्या बाजूचे आहेत. ती म्हणजे कोण, ते तुम्हाला लगेच कळेल. तिच्या घरची माणसं मेंढरं घेऊन यायची, आणि खतासाठी माझे वडील ती मेंढरं आमच्या शेतात बसवून घ्यायचे. त्या तळावरून तुम्ही तिला हाताला धरून शाळेत आणलंत आणि माझ्या शेजारी बसवलंत. मी आठ-नऊ वर्षांची असेन. दुसऱ्या दिवशी मी सगळ्या मुलींना सांगितलं की तिच्या अंगाला मेंढरांचा वास येतो. तुम्ही फळ्यावर लिहीत होतात. मागे न वळताच म्हणालात, "वास तुझ्या बोलण्याला येतोय. उठून उभी राहा." मी सुट्टी होईपर्यंत उभी होते, तुमच्याकडे बघत. तुम्हाला वाटलं असेल मला पश्चात्ताप होतोय. मला फक्त एवढंच वाटत होतं, की ती बसली आहे आणि मी उभी आहे.

आणि मग ते तुमचं स्वयंपाकघर. शाळेच्या मागे तुमची भाड्याची खोली होती, मधल्या सुट्टीत तुम्ही तिला तिकडे घेऊन जायचात. मी एकदा पाणी प्यायचं निमित्त करून दारापर्यंत आले. तुम्ही तव्यावरची भाकरी काढताय, ती पाटावर बसून पिठलं खातेय, आणि तुम्ही तिला काहीतरी सांगून हसताय. वर्गात तुम्ही असं कधी हसत नव्हतात. चौथीच्या शेवटी तुम्ही मला नकाशांचं पुस्तक दिलंत, आत तुमच्या वळणदार अक्षरात 'हुशार मुलीस' असं लिहून. त्या पुस्तकाच्या नादाने मी भूगोल शिकले, भूगोलाची शिक्षिका झाले, गेली पंचवीस वर्षं इथे तालुक्याच्या गावी शिकवते आहे. सगळे म्हणतात बाईंनी हिचं आयुष्य घडवलं. खरंच आहे. पण ते पुस्तक देऊन मला त्या पाटावर एकदा बसता आलं असतं, तर त्या वयात मी ते दिलं असतं.

मधली वर्षं ती कुठे होती मला माहीत नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या पालिकेने गावासाठी हवामान कृती आराखडा करायचं ठरवलं आणि नागरिकांचा एक गट नेमला. उन्हाळे कडक होत चाललेत, पाऊस कधी पडेल आणि कधी दडी मारेल याचा भरवसा नाही, तेव्हा गावाने काय करायचं ते गावातल्याच लोकांनी सांगावं, अशी कल्पना. मला सचिव केलं. पहिल्या बैठकीला पोचले तर माझ्या शेजारच्या खुर्चीवर ती. आता ती आरोग्य खात्याची आशाताई आहे, बाजारामागच्या गल्ल्या तिच्याकडे. केस पिकलेत, अंगावर आशाताईंची साडी. मला बघितल्याबरोबर तिने माझा हात धरला. "अगं, तू! आता मला काय घोर न्हाई. लिव्हायचं समदं तू बघ."

मी लिहिलंच, बाई. मी गावाचा सुंदर नकाशा केला. कुठे झाडं लावायची, कुठल्या ओढ्याची वाट मोकळी करायची, सगळं वेगवेगळ्या रंगांत. गटाने तापमापक वाटले, ते मी नेमाने टांगले. शाळेच्या व्हरांड्यात, वाचनालयात, पालिकेच्या जिन्याखाली. तिने तिचे तापमापक पत्र्याच्या घरांत टांगले, चुलीपासून जरा लांब, म्हातारी माणसं जिथे आडवी होतात तिथे, आणि घरोघर जाताना आकडे वहीत लिहीत गेली. त्या वहीत आकड्यांच्या पुढे माणसंही होती. इथल्या आजीला चक्कर येती. इथं बाळंतीण हाय, खिडकी न्हाई. इथं टेलर आजोबा दुपारचंच शिवत बसत्यात. मुख्याधिकाऱ्यांनी माझा नकाशा पाहिला आणि "छान, छान" म्हणाले. मग तिची वही हातात घेतली आणि वाचतच बसले. बराच वेळ. शेवटी सगळ्यांना म्हणाले, "आपण काय करायचं ते या बाईंनी आधीच शोधून ठेवलंय." नकाशाची गुंडाळी करताना माझे कान तापले होते.

पहिल्या उन्हाळ्यात पत्र्यांना पांढरा रंग द्यायचा ठरला, त्याने आतला उकाडा बराच कमी होतो. रंग एका भागापुरताच होता. शेवटचा मसुदा मी टाइप करत होते. तिची यादी पहिल्या टप्प्यात होती, ती मी उचलून पार शेवटी परिशिष्टात टाकली आणि पहिल्या टप्प्यात शाळा आणि सरकारी इमारती लिहिल्या. कारण दिलं की तिच्या नोंदी रोज एकाच वेळी घेतलेल्या नाहीत. हे खोटं नव्हतं, म्हणूनच मला ते सुचलं. मंजुरीच्या बैठकीला ती येणार नाही हे मला ठाऊक होतं, कारण सकाळीच ती एका बाईला बाळंतपणाला दवाखान्यात घेऊन गेली होती. सगळ्यांनी चहा घेतला, कागद न उलगडता हात वर केले.

वैशाखात टेलर आजोबा मशीनवरच कोसळले. तिनेच त्यांना ओल्या चादरीत गुंडाळून रिक्षातून नेलं. ते वाचले, पण उजवा हात थरथरतो. आता त्यांना सुईत दोरा ओवता येत नाही. चार दिवसांनी दुपारी ती माझ्या दारात उभी. मला वाटलं भांडायला आली.

"आमच्या गल्लीत रंग आला न्हाई अजून. माझी वही कुठं गेली गं?"

"परिशिष्टात आहे," मी म्हणाले.

"ते काय असतं?"

"शेवटी जोडलेलं असतं ते."

"शेवटचं कोण वाचतं?" तिने रागाने विचारलं नव्हतं, खरंच विचारलं होतं. मग मी तिला वेळेचं सांगितलं. नोंद रोज ठरलेल्या वेळी घ्यायला हवी, नाहीतर ती धरता येत नाही, वगैरे. वर्गात सांगते तशा आवाजात. ती खाली बसली. "मग माझंच चुकलं की. मी आपली ज्या घरात ज्या टायमाला गेले तवा लिव्हलं. मला सांगायचंस ना, मी परत फिरले असते. माझ्यामुळं म्हाताऱ्याचा हात गेला."

बाई, तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी तिला पाणी आणून दिलं.

पुढच्या बैठकीत मी म्हणाले की टाइप करताना पानं मागेपुढे झाली, आणि तिची यादी पहिल्या टप्प्यात आणली. वर तिचं नाव घातलं. शाळांसाठी राखलेला रंग त्या गल्लीत वळवला. रंगकाम चाललेलं असताना आम्ही दोघी लिंबाखाली बसलो होतो. मी सहज विचारल्यासारखं केलं, "बाईंच्या घरी जेवायचीस, आठवतं का?"

"न आठवायला काय? आमी सात-आठ जणं व्हतो. रोज दोघं-तिघं, पाळीपाळीनं. ज्याच्या डब्यात काय नसायचं, ती समदी."

"मला तर तूच दिसायचीस."

"तुझा डबा तुपानं माखलेला. तुला कशाला बोलवतील त्या?" ती हसली आणि वर चढलेल्या माणसाला ओरडली, "भाऊ, कडेचा पत्रा राहिला बघा!"

चाळीस वर्षं मी एका मुलीवर जळले, आणि तिथे सात-आठ जण जेवत होते. हे कळल्यावर मन हलकं व्हायला हवं होतं. उलट त्या सगळ्यांचाच हेवा वाटला.

गेल्या महिन्यात गटाने तिला अध्यक्ष केलं. आता अवसरीहून, येडगावहून माणसं येतात, आमच्याकडेही वही करायला शिकवा म्हणतात. तिला माइक दिला तर ती गल्लीत बोलावं तशी बोलते, आणि लोक ऐकतात. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवते. तिच्या भाषणात माझा उल्लेख दर वेळी येतो, 'आमच्या बाई हुशार हायेत, लिव्हनं त्यांचं' असं, आणि दर वेळी मला उठून जावंसं वाटतं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही आणि कुणी वाचावं अशी इच्छाही नाही. वर्गातल्या वहीची पानं आहेत, उद्या फाडून टाकीन. तुम्ही असतात तर मला पुन्हा उभं केलं असतंत, आणि या वेळी मी कशासाठी उभी आहे ते मला कळलं असतं. पण एक राहिलं. सोमवारी मी सचिवपदाचा राजीनामा दिला. कारण लिहिलं, गुडघेदुखी. काल ती घरी आली, पिशवीतून तेलाची बाटली काढली, माझ्यापुढे जमिनीवर बसली आणि माझा पाय मांडीवर घेतला. अंगठ्याने गुडघ्याच्या वाटीच्या कडेला दाबत विचारलं, "हितं दुखतंय?"

मी हो म्हणाले. कुठेच दुखत नव्हतं, बाई.