चूक बोलू द्यायची नाही

९ सप्टेंबर, मंगळवार

भिवंडीत लूम चालवला, मग गोदामात खोकी उचलली, कुठंच बूड टेकलं नाही. आजपासून माणूस सांभाळायचं काम. किनवटला आईला फोन केला तर म्हणाली, अंकुश, इथं तरी महिनाभर टिक. टिकतो म्हणालो.

घर मानकोलीत, नाक्यापासून आत. पुढं गोदामं, मागं खाडी. मालकिणीला सगळे आक्का म्हणतात. घरकामाला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोनं तिला बऱ्याच पोरांचे फोटो दाखवले, तिनं माझाच निवडला. बरं वाटलं. आजवर मला कुणी निवडलं नव्हतं. तिचा मुलगा विपुल, माझ्याच वयाचा, माझ्याच अंगाचा. बाईकवरून पडला, मेंदूला मार लागला. डावा हात लुळा, चालताना झोक जातो, सकाळचं दुपारी आठवत नाही. बाहेरचं सगळं आक्काचा भाऊ तुळशीराममामा बघतो. जेवायला बसलो तर आक्का म्हणाली, खा रं पोरा, लाजतोस काय, आपलंच घर हाय. तांदळाची भाकर खाऊन पोट तट्ट झालं.

११ सप्टेंबर, गुरुवार

दर गुरुवारी भाविका मॅडम येतात, विपुलचे व्यायाम घेतात. मला काम त्यांनीच शिकवलं. भिंतीवरच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, तू विपुल, ही तुझी आई, हे तुझं घर. ते रोज सकाळी वाचून घ्यायचं. मुख्य म्हणजे त्याला चूक बोलू द्यायची नाही. अशा माणसाच्या तोंडून एकदा चुकीचं उत्तर गेलं की तेच डोक्यात बसतं. तो अडखळला की आपणच आधी बरोबर उत्तर द्यायचं. आणखी म्हणाल्या, तो कायच्या काय गोष्टी सांगेल, खोटं बोलत नसतो, त्याचा मेंदू रिकाम्या जागा भरतो. वाद घालू नकोस. त्याची नोंद ठेवायला मला वही दिली. मागच्या पानांवर हे माझं लिहितोय.

१४ सप्टेंबर, रविवार

जमतंय. फळा वाचताना तो मी रा, मी रा करतो. मी लगेच विपुल म्हणतो, मग तोही विपुल म्हणतो. आज तर रा निघालाच नाही. आक्कानं डोळे पुसले, मला विपुलचा निळा शर्ट दिला. बरोबर बसला. मामा हसून म्हणाला, आक्के, बघ गं, माप घेऊन शिवलाय जनू.

दुपारी विपुलला झटका आला. तोंडाला फेस. मॅडमनी सांगितलं तसं कुशीवर वळवलं. आक्का दारात उभी होती. विपुलकडं नाही, माझ्याकडं बघत होती.

१६ सप्टेंबर, मंगळवार

पितरपाख चालू आहे. आक्कानं गच्चीवर पान ठेवलं. विपुलला ओट्यावर बसवून मी पाण्याचा तांब्या घेऊन वर निघालो. कावळा येईना. आमच्याकडं बोलावतात तसंच आक्का मेलेल्या माणसाचं नाव घेऊन त्याला बोलावत होती. आधी नवऱ्याचं घेतलं. मग म्हणाली, ये रं विपुल, खीर हाय, तुझ्या आवडीची.

कावळा आला.

मी जिन्यातच थांबलो. जिवंत माणसाचं पान कोण वाढतं? खाली ओट्यावर विपुल चहात बिस्कीट बुडवत होता.

१७ सप्टेंबर, बुधवार

आज फळा वाचताना मी गप्प बसलो. तो उत्तरासाठी माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मी दिलं नाही. त्याला घाम फुटला. मग म्हणाला, मी राघो. जव्हारचा. विपुलला सांभाळायला आलो होतो. विपुल मेला. आक्का रडली नाही. मला टाकी बघायला वर गच्चीवर पाठवलं, मामा मागं होता.

एवढंच. मग डोक्यावरची खोक चाचपत बसला.

रोज सकाळी मी त्याचं नाव त्याच्या तोंडातच दाबत होतो.

१८ सप्टेंबर, गुरुवार

मॅडमना बाहेर पायरीवर गाठून सगळं सांगितलं. ह्याला इथून न्या म्हणालो. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, सांगितलं होतं ना, गोष्टी जुळवतात. आणि पानाचं म्हणशील तर पूर्वीचा विपुल आता नाही, त्याला आई रडणारच. पटण्यासारखं बोलल्या. मग आत जाऊन आक्काला म्हणाल्या, पोरगा दमलाय, त्याला जरा जपा. माझ्या भल्यासाठीच सांगितलं.

आक्का म्हणाली, जपते की.

१९ सप्टेंबर

फोन सापडत नाही. मामा म्हणतो, पडला असंल कुठं. फाटकाला कुलूप. राघोला म्हणालो, नाव सांग. सांगितलं. पुन्हा सांगितलं. हसला. उद्या दूधवाल्याला फाटक उघडतील तेव्हा त्याचा हात धरून —

२० सप्टेंबर

खाट रिकामी. मामा पहाटेच गाडी घेऊन गेला होता, एकटाच परत आला. आक्का म्हणते, झटका आला, दवाखान्यात नेला. मग ती फळ्यावरची अक्षरं पुन्हा का गिरवतेय — तू विपुल —

अंगात माझ्या निळा शर्ट —

मामा दारात. टाकी भरून वाहतेय, वर जाऊन बघ म्हणतो. पाण्याचा आवाज तर नाही —

वार कळत नाही

डावा हात उठत नाही. नवा माणूस आलाय. चांगला आहे, भाकर भरवतो. मॅडम नव्या. त्याला शिकवतात, चूक बोलू द्यायची नाही.

सकाळी फळा. मी अं म्हणतो, तो लगेच विपुल — भल्यासाठीच करतो, मीही तसंच —

तोंडातून येत नाही म्हणून लिहितो. वही गादीखाली होती. तो न्हाणीत पाणी काढतोय. किनवट. आई. महिनाभर टिक म्हणाली.

आक्का जिन्यावरून येतेय. पटकन. माझं नाव अं